शुद्ध माणसांची उत्तम सोय

आपल्या देशात जे वाङ्मय अमाप छापलं जातं आणि मुळीच वाचलं जात नाही, त्यात लॉजच्या दारामागे चिकटवलेल्या नियमावलीचा नंबर फार वरचा लागेल. खोलीत शिरून कडी लावली की ती समोर हजर असते. कागद पिवळा पडलेला, त्यावर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकच्या आत कधी काळी शिरलेलं आणि तिथंच चिरविश्रांती घेतलेलं एक झुरळ, आणि खाली क्रमवार आज्ञा. १. मौल्यवान वस्तूंची जबाबदारी व्यवस्थापनावर राहणार नाही. २. खोली सोडण्याची वेळ सकाळी नऊ. ३. गरम पाणी सकाळी सहा ते आठ. (हा नियम नसून भविष्य असतं आणि वर्तमानपत्रातल्या राशिभविष्याइतकंच ते खरं ठरतं.) ४. भिंतीस खिळे ठोकू नयेत. प्रवासाला निघताना हातोडी बरोबर घेणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. पण एके काळी कुणीतरी एक खिळा ठोकला असावा आणि त्या एका खिळ्यापायी साऱ्या मानवजातीवर हा अविश्वास दाखवला गेला असावा. आणि मग, ५. खोलीत मद्यपान व मांसाहार करण्यास सक्त मनाई आहे.

‘सक्त’ हा शब्द त्या सबंध कागदावर इथं एकदाच येतो. तुमचं घड्याळ चोरीला गेलं तर व्यवस्थापन नुसतं हात वर करतं. नळाला पाणी नसलं तर व्यवस्थापन दिलगीर असतं. पण तुम्ही डब्यातून आणलेलं उकडलेलं अंडं सोलायला घेतलंत की व्यवस्थापन एकदम सक्त होतं. ज्या खोलीत ढेकणांना रात्रभर रक्तप्राशनाची मुभा आहे, त्या खोलीत मनुष्यप्राण्यानं अंडं खायचं नाही, हा न्याय मला आजतागायत उमगलेला नाही.

वाचकांचा गैरसमज होण्याआधी सांगून टाकतो. मी दारू पीत नाही. यात माझी तपश्चर्या काही नाही. घेणारे सांगतात की घेतल्यावर झोप छान लागते, गप्पांना रंग चढतो आणि आपण फार शहाणे आहोत असं वाटायला लागतं. यातली पहिली गोष्ट मला फुकटात साध्य आहे आणि तिसरी तर लहानपणापासून. मासे मात्र खातो. आमच्या कुळात मासा हा प्राणी मानण्याची पद्धत नाही. ती समुद्रात पिकणारी भाजी आहे. फरक एवढाच की ती भाजीवालीऐवजी कोळीण विकते. तेव्हा हा लेख म्हणजे कुणा तहानलेल्या जिवाचा आक्रोश नव्हे, की कोंबडीवाचून दोन दिवस काढावे लागलेल्याची कैफियत नव्हे. दोन दिवस काय, मी दोन महिने वरणभातावर राहीन. वर साजूक तूप आणि लिंबाची फोड असेल तर मुदत आपण होऊन वाढवून देईन. माझं भांडण ताटाशी नाही. ताट मांडण्याआधी जे विचारलं जातं, त्याच्याशी आहे.

हॉटेलवाल्यानं आपल्या चुलीवर काय शिजवावं हा त्याचा प्रश्न, हे मला एकदम कबूल. उडप्याकडे जाऊन मी कधी पापलेट मागितलेलं नाही आणि मालवणी खानावळीत शिरून साबुदाण्याची खिचडी का नाही म्हणून हुज्जत घातलेली नाही. उडपी त्याच्या श्रद्धेनं इडली वाफवतो, मी माझ्या श्रद्धेनं तिसऱ्यांदा सांबार मागतो. दोघांचाही धर्म बुडत नाही. माझ्या स्वयंपाकघरात मांस शिजणार नाही, माझ्या ताटावाट्यांना लागणार नाही, असं कुणी म्हटलं तर त्यात रागावण्यासारखं काय आहे? धर्मशाळेचं तर बोलायलाच नको. कुणा शेठजींनी आपल्या आईच्या नावानं पुण्य म्हणून चार खोल्या बांधल्या आणि यात्रेकरूंना फुकट किंवा नाममात्र पैशांत उतरू दिलं, तर तिथं त्या माउलीचं व्रत पाळणं हे शहाण्या माणसाचं काम. दान घेताना अटींची घासाघीस करायची नसते. पण हॉटेल हा धंदा आहे. तिथं मी खोलीचं भाडं भरतो, त्यावर जीएसटी भरतो, आणि निघताना रूमबॉय ज्या नजरेनं दारात उभा राहतो त्या नजरेचेही वेगळे भरतो. धंद्याला पुण्याईचं सोवळं नेसवलं, की आपण भाडं दिलं की दक्षिणा, हेच गिऱ्हाइकाला कळेनासं होतं.

दारूचं प्रकरण जरा निराळं आहे, आणि तिथं दुसऱ्या बाजूला मी जास्त गुण देतो. शेजारच्या खोलीत चौघांनी बाटली उघडली की रात्री अकरापर्यंत त्यांचं एकमेकांवर प्रेम बसतं, बारापर्यंत ते उतू जातं, आणि साडेबारानंतर कुणी कुणाचे पैसे बुडवले याचा जाहीर हिशेब सुरू होतो. बायकामुलांना घेऊन आलेल्या माणसानं तो का ऐकावा? गडचिरोलीत गावोगावच्या लोकांनी आंदोलन करून १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आणवली, ती काही सोवळेपणाची हौस म्हणून नव्हे. नवऱ्याची उडालेली मजुरी आणि पाठीवरचे वळ, दोन्हींचा हिशेब तिथल्या बायकांना तोंडपाठ होता. आपल्या राज्यात बायकांना मतदान करून गावातलं दारूचं दुकान बंद करता येतं. मतपत्रिकेवर एक बाटली उभी आणि एक आडवी. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवीवर शिक्का मारला की दुकानही आडवं. मला ही व्यवस्था फार आवडते. ज्यांना त्रास होतो त्या उघडपणे पुढे येतात, कारण सांगतात, मोजदाद होते, आणि बंदी लागते ती सगळ्यांना सारखी, पाटलालाही आणि पाटलाच्या गड्यालाही. आडनाव कुणी विचारत नाही.

पण कारण बाजूला पडून नुसता सोवळेपणा उरला की काय होतं, हे आपल्याइतकं कुणी पाहिलेलं नसेल. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. १९५१ साली बलसारा नावाच्या गृहस्थांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं त्यातली काही कलमं उडवली. बाकीचा कायदा शाबूत राहिला आणि अजून आहे. म्हणजे कायद्याच्या भाषेत बोलायचं तर महाराष्ट्रात आजही दारू प्यायला परवाना लागतो. ‘परमिट रूम’ या पाटीतलं परमिट ते हेच. पाटीवर ते ठळक असतं आणि आत गेल्यावर त्याची आठवण कुणालाच राहत नाही. गुजरातेत तर ‘हेल्थ परमिट’ मिळतं. तब्येतीला वाईट म्हणून जी सबंध राज्याला बंद, तीच तब्येतीला आवश्यक म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठीवर चालू! प्रकृती ठणठणीत असलेल्या माणसानं तिथं काय करायचं? त्यानं बहुधा दमणला जायचं.

त्यापेक्षा ब्रुनेईचा सुलतान सरळ माणूस वाटतो. ब्रुनेई हा पूर्वेकडचा चिमुकला देश. तिथं सुलतानाचं राज्य, इस्लामी कायदा, आणि दारूविक्रीला देशभर बंदी. पण परधर्माच्या पाहुण्याला स्वतःपुरत्या दोन बाटल्या दारू आणि बारा कॅन बिअर बरोबर आणता येते. विमानतळावर फॉर्म भरायचा आणि आपल्या मुक्कामी, दार लावून, गाजावाजा न करता काय ते करायचं. सुलतानाचं म्हणणं असं, की मी विकणार नाही, माझ्या रस्त्यावर चालू देणार नाही; पण दारापलीकडे तू आणि तुझा देव. एका सुलतानाला जे सुचलं ते आमच्या खोली नंबर सातच्या मालकाला सुचू नये? भाडं तर तो सुलतानासारखंच घेतो.

बरं, दारू पिणारा गोंधळ घालतो हे समजलं. पण नियम नंबर पाचमध्ये दारू आणि मांस यांना एका जोखडाला कुणी जुंपलं? मटण खाऊन कुणी बायकोला मारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सुरमई खाऊन मोटार झाडावर घातल्याची फिर्याद कुठल्या पोलीसचौकीत नाही. तळलेले बोंबील खाल्लेला माणूस रात्री एक वाजता जिन्यात बसून रडत नाही. तो फार तर ढेकर देऊन झोपतो. वास येतो, असं म्हणतात. येतो, नाकारत नाही. पण मुळ्याच्या भाजीचाही येतो, हिंगाचाही येतो, आणि काउंटरवरच्या अगरबत्तीचा तर तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. सिंगापूरच्या हॉटेलांत दुरियन नावाचं फळ आणायला मनाई असते. दिसायला ते आपल्या फणसाचा धाकटा भाऊ, पण वास असा की थोरल्या भावानं नातं नाकारावं. मनाईचं कारण सरळ, वास. दुरियन खाणारा म्हणून तिथं कुणाला अपवित्र ठरवत नाहीत. आपल्याकडेही ‘उग्र वासाचे पदार्थ खोलीत आणू नयेत’ असं खुशाल लिहा. सुक्या बोंबलाच्या पिशवीसकट मी बाहेर थांबेन. फणसवाल्यालाही माझ्या शेजारी थांबवा म्हणजे झालं.

पण आपल्याकडे कारण वास नव्हे. कारण आहे ‘शुद्ध’. पाटीवर नुसतं ‘शाकाहारी’ लिहून आपल्या हॉटेलवाल्याचं समाधान होत नाही; ‘शुद्ध शाकाहारी’ पाहिजे. शुद्ध तूप म्हणजे डालडा न मिसळलेलं, शुद्ध सोनं म्हणजे तांबं न मिसळलेलं, इथपर्यंत समजतं. शुद्ध शाकाहारी म्हणजे काय? मेथीत पालकाची भेसळ नाही? खरं म्हणजे तो शब्द भाजीचं वर्णन करतच नाही, गिऱ्हाइकाचं करतो. आत जेवायला बसलेत ते शुद्ध. मग बाहेरून जे चाललेत ते कोण, हे पाटी बोलत नाही, पण चालणाऱ्याला नीट ऐकू येतं. आणि चालणारे काही थोडेथोडके नाहीत. सरकारच्याच २०१४ सालच्या नमुना नोंदणी पाहणीत पंधरा वर्षांवरची शेकडा ७१ माणसं मांसाहारी निघाली. म्हणजे शेकडा एकोणतीस शुद्ध, आणि बाकीचा देश भेसळीचा! एवढं करून या शुद्ध हॉटेलाचं मेनूकार्ड उघडावं, तर आत काय? व्हेज सीख कबाब, व्हेज बिर्याणी, व्हेज कोल्हापुरी, आणि काडीला लावलेलं सोया चाप. बकऱ्यानं देह ठेवला, पण नाव मागे राहिलं. या हॉटेलांत कबाबाचं नाव चालतं. कबाब खाणाऱ्याचं आडनाव तेवढं चालत नाही.

आडनावावरून आठवलं. आमच्या ऑफिसातले एक स्नेही आणि मी कामानिमित्त एका क्षेत्राच्या गावी गेलो होतो. गाव कुठलं आणि लॉज कुठलं, ते सांगत नाही. स्नेही माळकरी आहेत. गेली तीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ, वर्षाआड पायी वारी, चातुर्मासात घरात कांदा-लसूणसुद्धा येऊ देत नाहीत. चहा सोडला तर व्यसन नाही, आणि तोही साखर कमी घालून. माझ्या पिशवीत मात्र बहिणीकडे पोचवायला बायकोनं दिलेले पाव किलो सोडे होते. एकात एक तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या, वर टॉवेल गुंडाळलेला.

मॅनेजरनं रजिस्टर ओढलं. “आडनाव?”

मी सांगितलं. त्याचा चेहरा निवळला. “या, या, बसा ना साहेब. अरे, पाणी आण रे.” मग स्नेह्यांकडे वळून, “आपलं?”

त्यांनी सांगितलं. पेन थांबलं. “त्याचं काय आहे, आमच्याकडे शुद्ध शाकाहारी असतं बरं का. तुम्ही बाहेरून काही आणणार नाही ना?”

मला हे कुणी विचारलं नाही. सोड्यांनाही नाही.

स्नेह्यांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि माळ दाखवली. शाळेत उशिरा पोचलेल्या पोरानं वडिलांची चिठ्ठी दाखवावी, तशी. मॅनेजर काही ओशाळला नाही. “तसं नव्हे हो, मालकांचा नियम आहे,” म्हणाला आणि रजिस्टरात त्यांच्या नावापुढे ‘मांसाहार करणार नाही’ असं लिहून त्याखाली सही घेतली. माझ्या नावापुढची जागा कोरी.

मी म्हटलं, “अहो, सही घ्यायची तर माझी घ्या. मासे मी खातो. या पिशवीत सोडे आहेत. या गृहस्थांनी आयुष्यात अंडं फोडलेलं नाही.”

मॅनेजर मनापासून हसला. “काय साहेब, गंमत करता! तुम्ही लोक कुठं खाता?”

विनोदी लिहिणाऱ्याचं हे दुर्दैवच आहे. खरं बोललं की लोक हसतात. वर गेल्यावर मी तावातावानं येरझारा घालायला लागलो. इथं राहायचंच नाही, दुसरं लॉज बघू, म्हणालो. स्नेही बटण लावत शांतपणे म्हणाले, “राहू द्या हो. तिथंही रजिस्टर असेलच.”

त्यावर काय बोलावं ते मला तेव्हा सुचलं नाही.

आता सांगा, हा नियम मांसाहाराचा होता काय? मांसाहार तर माझ्या काखोटीला बसून, “या साहेब” ऐकत, पहिल्या मजल्यावर सन्मानानं गेला. अडला तो माणूस, ज्यानं त्याला कधी शिवलं नाही. बोलायचं जिभेबद्दल आणि तपासायची वंशावळ, असा हा कारभार आहे. कोण काय खातो हे आडनावावरून ओळखायचं म्हणजे चष्म्याच्या नंबरावरून चपलेचं माप काढण्यासारखं आहे.

यावर मंडळी म्हणतात, “अहो, क्षेत्राचं ठिकाण. लोकांच्या धार्मिक भावना असतात.” असतात ना. पण कुठल्या लोकांच्या? कार्ल्याच्या एकवीरेला कोळी-आगरी मंडळी वाजतगाजत जातात, कोंबड्या-बकऱ्याचा मान देतात, ती काय धर्म खुंटीला टांगून जातात? उज्जैनच्या काळभैरवाला भाविक दारूचा नैवेद्य दाखवतात. पुजारी ती ताटलीत ओतून देवाच्या ओठांना लावतो. मध्य प्रदेश सरकारनं १ एप्रिल २०२५ पासून उज्जैनसह १९ धार्मिक ठिकाणची दारूची दुकानं बंद केली, ती धार्मिक भावनेपोटीच. देव तोच, भावनाही तीच. बाटली तेवढी आता गावाबाहेरून आणायची. मुंबईत २०१५ साली पर्युषणाच्या काळात मांसविक्री बंद ठेवण्याचं घाटलं, तेव्हा प्रकरण हायकोर्टात गेलं. मटण-कोंबडी बंद, मग मासळी चालू कशी, असा प्रश्न निघाला. त्यावर सरकारच्या बाजूनं सांगण्यात आलं की मासा पाण्याबाहेर काढला की आपोआप मरतो, त्याची कत्तल होत नाही! कोर्टानं त्यातल्या एका दिवसाच्या बंदीला स्थगिती दिली ते सोडा. मासा हा प्राणी नव्हे, या आमच्या कुळाच्या मताला सरकारी दुजोरा मिळाला, याचा मला कोण आनंद झाला.

हृषीकेशचं उदाहरण त्यातल्या त्यात सरळ. तिथं नगरपालिकेनं मांस-मच्छी आधीपासून बंद केली होती, मागाहून अंड्यावर पाळी आली. तिथले हॉटेलवाले सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. २००४ साली कोर्टानं बंदी उचलून धरली. हे यात्रेकरूंचं गाव, गावाचं पोटपाणी यात्रेकरूंवर, तेव्हा एवढं बंधन वाजवी आहे, असा एकंदर सूर. मला हे पूर्ण पटतं असं नाही. पण निदान नियम उघड झाला, त्यावर उघड भांडता आलं, आणि अंडं बंद झालं ते सर्वांना बंद झालं. एकाला रजिस्टरात सही आणि दुसऱ्याला पेलाभर पाणी, असा भेद झाला नाही.

आणि भावना कशा सांभाळायच्या, हे शिकायला हृषीकेशला जायची तरी काय गरज? आपल्या घरांत हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. आमच्याकडे आजीची एकादशी आणि संकष्टी, आईचा सोमवार आणि गुरुवार, आम्हा पोरांचा श्रावण तोंडदेखला, आणि वडिलांचं काहीच नाही. चूल एक. माशांचा तवा वेगळा, तो मोरीजवळच्या कोनाड्यात. सोमवारी स्वस्त बांगडे आले तर आई उपाशीपोटी कालवण करायची. चव घेता येत नसे, म्हणून वाटीत चमचाभर काढून हाक मारायची, “मिठाचं बघ रे जरा.” मीठ बघण्याचं ते काम मी इतक्या निष्ठेनं केलं, की कधी कधी वाटी चार वेळा भरून बघावी लागे. आपल्या उपासात आमचं कालवण आलं म्हणून आईचा सोमवार मोडल्याचं मला आठवत नाही.

आजी मात्र कडक. मासे असले की ती आपला पाट उचलून माजघराच्या दाराशी सरकवायची आणि तिथं पाठ करून जेवायची. पण तिनं वडिलांना कधी “तू उठ” म्हटलं नाही. कोण काय खातो यावर तिची करडी नजर असायची, तोंडही चालायचं. तरी सरकायचा तो तिचाच पाट. शिकलेली नव्हती, घटनेचं एक कलम तिला ठाऊक नव्हतं. पण ज्याचं व्रत त्यानं पाट सरकवायचा, एवढं तिला कळत होतं. आमच्या लॉजवाल्याचं नेमकं उलटं. व्रत मालकाचं, आणि पाट सरकवायचा गिऱ्हाइकानं. तोही सगळ्या नव्हे, निवडक गिऱ्हाइकानं.

ही निवड करायची रीत त्यानं शोधलेली नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. इंग्रजी अमदानीत रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगवेगळं मिळायचं. पाण्याला धर्म असतो हा शोध आपलाच. आणि १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना हिंदू हॉटेलात कुणी उतरू देणार नव्हतं, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून राहिले. काही दिवसांनी लोकांना खरं कळलं. ते काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळच्या आत जागा सोड म्हणाले. जेवणात त्यांनी काय मागितलं होतं, याची चौकशी कुणी केली नाही. रजिस्टरातलं नाव पुरेसं होतं.

पुढे घटना झाली, १९५० साली ती अमलात आली, आणि तिच्या १५व्या कलमात लिहिलं गेलं की दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत जाण्यापासून केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही. एवढ्या मोठ्या देशाचा कायदा लिहिताना ‘हॉटेल’ हा किरकोळ शब्द मुद्दाम कशाला घातला असेल, असं कुणाला वाटलं तर त्यानं बडोद्याची ती संध्याकाळ आठवावी. अगदी अलीकडे, जुलै २०२४ मध्ये, कावड यात्रेच्या वाटेवरच्या खानावळींनी मालकांची नावं पाटीवर लावावीत असे हुकूम उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात निघाले. सुप्रीम कोर्टानं २२ जुलैला त्यांना अंतरिम स्थगिती दिली. कोणते पदार्थ देता ते लिहायला सांगा, नावं लिहायची सक्ती करू नका, असा त्याचा मतलब. ‘काय वाढता’ ते सांगा, ‘कोण वाढतो’ ते नको. माझं मागणं याच्यापेक्षा तसूभर जास्त नाही. फक्त हा न्याय काउंटरच्या दोन्ही बाजूंना लावा. काय मिळतं ते तुम्ही सांगा. कोण जेवतो ते विचारू नका.

तेव्हा लॉजमालकहो, तुमचं व्रत तुम्ही जरूर पाळा. आमच्याकडे शाकाहारी जेवण मिळतं, दारू मिळत नाही, आमची भांडी दुसऱ्या कशाला वापरू नयेत, असं मोठ्या अक्षरांत लिहा. ते वाचून ज्याला यायचं तो येईल आणि तुमच्या डाळीचं कौतुक करील. रात्री दहानंतर आवाज करू नये असंही लिहा, मग तो आवाज दारू पिऊन केलेला असो की भजन म्हणून. रजिस्टरात नाव-पत्ता लिहून घ्या, सरकारी कागद तपासा. पण आडनावाचा तो रकाना पोलिसांसाठी असतो, स्वयंपाक्यासाठी नसतो. आणि सही घ्यायचीच असेल तर सगळ्यांची घ्या. माझी सगळ्यांत आधी घ्या. सोडे बहिणीकडे पोचेपर्यंत पिशवीची गाठ सोडणार नाही, असं मी स्टँपपेपरवर लिहून देतो.

राहता राहिला तो ‘शुद्ध’ शब्द. तो माणसांवरून काढा आणि जिन्याखाली पिण्याच्या पाण्याचा जो माठ ठेवलेला असतो, त्याच्यावर लिहा. तिथं त्याची फार गरज आहे. शिवाय तिथं तो एकदा लिहिला की खरा करून दाखवावा लागतो.